पंधरा तारखेलाच पैसे संपतात

‘महिन्याच्या पंधरा तारखेलाच पैसे संपतात. पोरगं उधळं निघालं का हो, मॅडम?’ मुलांना बाहेरगावी शिकायला ठेवलेले पालक मला हे हमखास विचारतात. बहुतेक वेळा माझं उत्तर ‘नाही’ असतं. का, ते एका मुलावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बार्शीकडचा हा मुलगा पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मागितले की वडील पाचशे-हजार पाठवायचे, आणि दर वेळी फोनवर बोलणी बसायची. ती टाळायला त्याने एका अ‍ॅपवरून कर्ज घेतलं. हप्त्याच्या धास्तीने झोप उडाली, तेव्हा मित्र त्याला माझ्याकडे घेऊन आला.

मी कागद पुढे सरकवला. ‘हातात किती पडले?’ 4,100. ‘फेडायचे किती?’ तीस दिवसांत 5,000. ‘आता दर काढ.’ चक्रवाढ व्याजाची गणितं परीक्षेत झटपट सोडवणारा हा मुलगा स्वतःच्या पैशाचं गणित पहिल्यांदाच मांडत होता. महिन्याला जवळपास 22 टक्के! ‘मॅडम, गावचा सावकारसुद्धा इतकं घेत नाही.’ खरं तर सगळं शुल्क धरून वर्षाचा दर किती पडतो, हे कर्जाआधी सांगणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. पण तो आकडा बघायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

वडिलांनी कर्ज फेडलं. मी त्यांना म्हटलं, ‘मागेल तेव्हा देऊ नका. एक तारखेला ठरलेली रक्कम द्या.’ ‘एकदम दिले तर एकदम उडवेल की!’ भीती रास्त होती. पण मागून मिळणाऱ्या पैशातून कुणी शिल्लक टाकत नाही. शिल्लक दिसली की पुढच्या वेळी कमी येणार, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं.

शिल्लक टाकायची सवय लागावी म्हणून आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, काढायचं ठरवलं. पोस्टाची आरडी 100 रुपयांपासून निघते, पण मुदत 5 वर्षांची. म्हणून बँकेत सहा महिन्यांची काढली. 300 रुपये, दोन तारखेला आपोआप कापले जाणारे. पहिल्या महिन्यात 24 तारखेलाच खडखडाट झाला. वडिलांनी मन घट्ट केलं, मध्ये काही पाठवलं नाही. तिसऱ्या महिन्यापासून जमायला लागलं. मुदत संपल्यावर आलेल्या पैशांतून त्याने परीक्षा फी भरली.

तुम्हीही रक्कम ठरवाल तेव्हा मुलाला समोर बसवा. खोलीभाडं, मेस, बसपास, मोबाइल यांचे आकडे त्यालाच सांगू द्या.