क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग शुगरवाल्यांनी किडनीची वेगळी तपासणी कशाला करायची?

नुसत्या क्रिएटिनिनवर (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) विसंबू नका. किडनीचं काम बरंच कमी होईपर्यंत तो आकडा नॉर्मलच दिसू शकतो. बिघाड बहुतेकदा आधी लघवीत दिसतो, कारण अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन झिरपायला लागतं. म्हणून लघवीची एसीआर तपासणी (अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर) करा, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत असेल तर ठीक. जास्त आला तरी लगेच धसका घेऊ नका. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशीचा दणकून व्यायाम यांनीही तो वाढतो. ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला, तरच खरा धरतात. सोबत ईजीएफआरही (किडनी किती रक्त गाळते याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज) बघा. टाइप २ असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी, टाइप १ मध्ये ५ वर्षांनंतर. आणि हो, गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खात असाल तर आधी त्या थांबवा, त्यांनी किडनीला इजा होऊ शकते.