पूरग्रस्तांना जुने कपडे पाठवावेत की पैसे?

पैसेच पाठवा, जुने कपडे शक्यतो नकोच. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिनमकडे देशभरातून इतके जुने कपडे आले की रस्त्याकडेला ढीग पडले, कुणी घालेना आणि ते हलवायचं काम वर वाढलं ते वेगळंच (फाटके ब्लाउज आणि लग्नातले सूट पाठवणाऱ्यांना काय म्हणावं). आणि गरज दर आठवड्याला बदलते, म्हणजे आधी पिण्याचं पाणी, तयार जेवण, औषधं लागतात, मग पाणी ओसरलं की घरात फूटभर चिखल, तेव्हा खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गाद्या, जनावरांना चारा, पोरांची वह्यापुस्तकं. पैसे असले की हे जवळच्या बाजारातून घेता येतं, ट्रकभाडं वाचतं आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा परत सुरू होतो.

फक्त पहिले चार दिवस आसपासची दुकानंच बंद असतील तर वस्तू न्याव्या लागतात, पण तिथल्या माणसाला फोन करून यादी घेऊनच.

मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेत तर इन्कम टॅक्समध्ये सूट आहे, नव्या टॅक्स रिजीममध्ये मात्र नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पाठवू नका, खातं संस्थेच्या साइटवरूनच बघा.