घरात वकील, पेपरात गप्प

"मॅडम, घरात हा प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालतो आणि पेपरात ‘तुमचे मत लिहा’ आलं की निम्मे गुण. आता म्हणे शाळेत पुरावे द्यायलाही शिकवणार. मग तर आमची धडगत नाही!"

सातवीतल्या मुलाच्या आईची ही तक्रार. पुरावा मागायला शिकलेलं मूल आपल्यालाच पुरावा मागेल, ही धास्ती बऱ्याच पालकांना असते. मागेलच. पण हुज्जत वाढते ती पुराव्याने नाही, पुरावा नसला की आवाज चढतो म्हणून.

त्याने निबंधाची वही आणली होती. विषय: खेळाचे तास वाढवावेत. समासात लाल शाईने एकच शब्द, ‘पुरावा?’ मी विचारलं, "खेळल्यावर अभ्यास चांगला होतो, हे तुला कसं कळलं?" गडी खुलला. "खेळलं की रक्त जोरात वाहतं, डोकं ताजं होतं, मग लक्ष लागतं." असं का होत असावं ते त्याने झकास सांगितलं, खरंच होतं का ते राहिलंच. यात वयाचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ डीॲना कून यांच्या अभ्यासात बरीच मोठी माणसंही पुरावा विचारला की अशी पटेलशी हकिगतच सांगत होती.

पुढच्या वेळी तो जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस घेऊन आला: 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल करावी. माहिती पक्की. पण ती आरोग्याबद्दल. आणि ही मिनिटं शाळेतच का, संध्याकाळी का नाहीत? स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने 1958 मध्ये युक्तिवादाचे भाग उलगडून दाखवले. त्यातले तीन मुलांना पुरतात: दावा, आधार आणि दोघांना जोडणारा दुवा. मुलांचा नेमका दुवाच सुटतो. म्हणून समासात ‘पुरावा?’ऐवजी ‘यावरून ते कसं ठरतं?’ असं लिहिलेलं मला जास्त उपयोगी वाटतं.

मग त्यालाच कामाला लावलं. कुठल्या तासाला बाई किती वेळा "शांत बसा" म्हणतात, त्याच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा. निकाल उलटा आला: खेळाच्या तासानंतरच रेघांची गर्दी. "हे पान फाडू का?" असं त्याने अगदी मनापासून विचारलं. मी म्हटलं, फाडू नकोस, दावा बदलता येतो का बघ. बराच वेळ पेन चावून त्याने लिहिलं, ‘खेळाचा तास मधल्या सुट्टीच्या आधी किंवा शेवटी ठेवावा.’ एका वर्गातल्या थोड्या दिवसांच्या रेघा काही सिद्ध करत नाहीत, हेही त्यानेच खाली जोडलं. मला हे पूर्ण गुणांपेक्षा मोठं वाटलं.

राहता राहिलं घर. आई म्हणायची, "मोबाईल ठेव, डोळे जातील," आणि तो पुरावा मागायचा. खरं कारण वेगळंच होतं: रात्री तो झोपत नव्हता आणि सकाळी तिची तारांबळ उडत होती. मी म्हटलं, तेच सांगा ना. आणि जिथे चर्चाच नाही तिथे ‘हा घरचा नियम आहे’ एवढं सरळ म्हणा, नियमाला शास्त्राचा मुलामा कशाला? तिने आठवडाभर त्याच्या उठण्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहिल्या. त्या बघून तो दहाला मोबाईल ठेवायला तयार झाला. सुट्टीच्या दिवशी अकरा, हे मात्र त्याने पदरात पाडून घेतलंच.