टॅबलेट घेऊन मंडळात बसतोस तर

बाबू, परवा पारावर तू टॅबलेटवर वाजवताना दहाही बोटं एकदम सोडलीस. हौस दिसली, पण बाकी तिघांना शिरायला जागाच उरली नाही. पहिला महिनाभर एकच काम घे: सा-प धरून ठेव, नाहीतर एखादा ठेका. आपल्या भजनातला खंजिरीवाला आठव. वाद्य हाताएवढं, पण तो थांबला की सगळे मान वर करून बघतात.

तारांबळ झाली ती तुझ्या ब्लूटूथ स्पीकरमुळे. त्यातून आवाज 100-200 मिलिसेकंद उशिरा येतो. बोट समेवर पडतं आणि आवाज सम निघून गेल्यावर. साधी वायर लाव. हवेतूनही आवाजाला मीटरमागे जवळपास 3 मिलिसेकंद लागतात, म्हणून आपण गोल करून जवळ बसतो.

लय जुळवायला एबलटन लिंक चालू ठेव. वेगवेगळ्या टॅबलेट-मोबाइलवरच्या संगीताच्या ॲप्सना एका लयीत बांधणारी, 2016 साली आलेली ही सोय आहे. इंटरनेट लागत नाही, सगळे एका वायफायवर असले की पुरे. लाईन गेली तर कोणाच्याही मोबाइलचं हॉटस्पॉट चालतं. त्यातून आवाज जात नाही, फक्त लय आणि मात्रा जातात. आणि तिथे म्होरक्या कोणी नसतो: तू लय वाढवली की सगळ्यांची वाढते. लयीच्या आकड्याला आम्हाला विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

टॅबलेटच्या काचेला ना कड ना कातडं, त्यामुळे नजर तिथेच खिळते. काचेवर वाजवायच्या दोन पट्ट्याच मोठ्या करून ठेव, बोटांना सवय होईल आणि तुला आमच्या तोंडाकडे बघता येईल. सोमवारी वायर घेऊन ये.