भिंतीला धडकणाऱ्या कणावर पीएचडी, मग नोकरीचं काय?

ताई, पत्र वाचलं. लेक इथेच इंदूरच्या होळकर कॉलेजात बीएस्सी सेकंड इयरला, मॅथ्सवाली, आणि म्हणतीये की भिंतीपाशी भटकणाऱ्या कणांच्या गणितात पीएचडी करायची, तिचे मामा म्हणतायत बँकेचे फॉर्म भर, आणि तुम्हाला कळत नाहीये की ही पोरगी नेमकं करणार काय.

पाण्यातले बारीक कण सतत वेडेवाकडे हलतात, रॉबर्ट ब्राऊनने 1827 साली पाहिलं, आइनस्टाइनने 1905 मध्ये त्याचं गणित मांडलं. आता त्या कणाला एक भिंत द्या. ग्राफच्या वहीत आडवी रेघ मारा, नाणं उडवा, छापा आला तर एक घर वर, काटा आला तर खाली, पण रेघेवर असताना काटा पडला तरी वरच. मी रामबागेतल्या घरी गच्चीत बसून दोनशे वेळा केलंय, बायको हसत होती. रेघेला टेकणं सारख्या अंतराने होतच नाही, एकदा टेकला की लगोलग चार-पाच वेळा टेकतो आणि मग बराच वेळ फिरकतच नाही. पावलं बारीक-बारीक करत नेली की या टेकण्याच्या क्षणांची मिती 1/2 निघते, म्हणजे ठिपक्याहून जास्त, रेषेहून कमी! दोन भिंतींच्या कोपऱ्यात तर अजून मजा, कण कोपऱ्याला पोचणार की नाही हे कोपरा किती अंशांचा आणि भिंत कणाला कुठल्या तिरक्या दिशेने ढकलते यावर ठरतं, हे आपल्या चेन्नईच्या एस. आर. एस. वरदन आणि रूथ विल्यम्सनी 1985 मध्ये दाखवलं. वरदनना 2007 चं आबेल प्राइझ मिळालं, गणितातल्या सगळ्यात मोठ्या बक्षिसांपैकी एक, मामांना हे जरूर सांगा.

नोकरीचं म्हणाल तर विमा कंपनीची शिल्लक कधी शून्याला टेकेल, किंवा शेअरचा भाव अमुक आकड्याला लागला की रद्द होणारा सौदा कितीला विकायचा, तिथे हेच गणित चालतं. सोबत कोडिंग मात्र हवंच.

मला काळजी वेगळीच आहे. तिला काय आवडलंय, स्क्रीनवर नाचणारा ठिपका की त्यामागचं प्रूफ? ठिपका सगळ्यांनाच आवडतो हो. रिअल अ‍ॅनालिसिसचं (कॅल्क्युलसमधली प्रत्येक गोष्ट सिद्ध करायला शिकवणारं) पुस्तक घेऊन ती स्वतःहून बसते का, एका गणितावर तीन दिवस अडकली तर चिडून सोडते की परत वही उघडते, ते बघा. बसत असेल तर थर्ड इयरला जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा द्यायची, मॅथ्स किंवा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, त्यावरून आयआयटीत एमएस्सी मिळते, आपल्या आयआयटी इंदूरलाही आहे. आयएसआयची, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची, परीक्षा वेगळी असते, तीही द्यावी.

बँकेचे फॉर्म तर एमएस्सीनंतरही भरता येतात. तूर्त तिला नाणं आणि वही द्या, दोनशे वेळा नाणं उडवून टेकण्याच्या जागांना लाल पेनने गोल करायला सांगा, आणि ती वही घेऊन दोघी या.