जपानीत विनंती: सुरुवातीला एवढंच पुरे

एन-५ (जपानी परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) चालू असताना केइगोची, म्हणजे आदरार्थी जपानीची पुस्तकं कशाला उघडलीत? ती मिटून ठेवा. आत्ता एकच गोष्ट पक्की करा, ती म्हणजे क्रियापदाचं 'ते' रूप. मात्सुचं (वाट पाहणं) मात्ते, नोमुचं (पिणं) नोंदे, काकुचं (लिहिणं) काइते. आणि इकु (जाणं) मात्र नियम मोडून इत्ते. हे अडखळलं की काम सांगणारी प्रत्येक विनंती अडखळते.

मग तीन पायऱ्या:

- वस्तू हवी असेल तर 'मिझु ओ कुदासाइ' (पाणी द्या). दुकानात, हॉटेलात एवढं चालतं.
- काम करून हवं असेल तर 'ते' रूपापुढे 'मोराएमास का': 'मिसेते मोराएमास का' (दाखवाल का?). अनोळखी माणसाला हेच विचारा.
- शिक्षक, साहेब, ग्राहक यांना तेच जास्त आदराने, 'मिसेते इतादाकेमास का'.

नवशिक्यांची नेहमीची गल्लत 'ते' रूपापुढे 'कुदासाइ' लावण्याची, जसं 'मिसेते कुदासाइ' (दाखवा). पुस्तकात ते पहिलं येतं, म्हणून सगळे सगळीकडे वापरतात. पण त्यात समोरच्याला नाही म्हणायला जागा नसते, ती सौम्य सूचनाच असते. शिक्षक विद्यार्थ्याला तसं म्हणतील, तुम्ही शिक्षकांना नको. आपणही वडीलधाऱ्यांना 'सांगा' ऐवजी 'सांगाल का?' म्हणतोच की.

दुसरी चूक बारीक, पण अर्थ बिघडवणारी: 'मोराइमास का' नव्हे, 'मोराएमास का'. तो 'ए' हवाच, कारण 'मिळू शकेल का' हा अर्थ त्याच्यातच आहे.

आणि 'दोओझो' विनंतीला वापरू नका. ते 'घ्या ना', 'या, बसा' म्हणताना. अनोळखी माणसाला हाक मारताना आधी 'सुमिमासेन' (माफ करा). उत्तरात कोणी 'चोत्तो...' (जरा...) म्हणून थांबलं, तर तो नकार समजा आणि आग्रह धरू नका.