लाइट डेअरी स्प्रेडचा एचएस कोड: बटर, मार्जरिन की तिसरंच काही?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्हाला एकाच ब्रँडचे दोन माल आयात करायचे आहेत: ४० टक्के फॅटचा ‘लाइट’ डेअरी स्प्रेड आणि २५ टक्के फॅटचा ‘एक्स्ट्रा लाइट’. सप्लायरने दोन्हींच्या इनव्हॉइसवर ०४०५.१० हा बटरचा एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण करणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकलाय. फॉरवर्डर (माल वाहतुकीची व्यवस्था बघणारा एजंट) म्हणतो हे मार्जरिनसारखं आहे, १५१७ लावा. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. तुम्ही दिलेली माहिती बरोबर धरली तर ४० टक्केवाला ०४०५.२० (डेअरी स्प्रेड) मध्ये बसतो आणि २५ टक्केवाला साधारणपणे २१०६ (इतरत्र न बसणारे खाद्यपदार्थ) मध्ये जातो. डबा, लोगो, चव सगळं सारखं असलं तरी कोड वेगळे. हे पचायला जड जातं, पण टॅरिफला (कस्टम्सच्या दरसूचीला) डब्यावरच्या नावाशी देणंघेणं नसतं.

०४०५.१० आधी निकालात काढू. वर्गीकरण सुरू होतं ते हेडिंगच्या (चार आकडी गटाच्या) शब्दांपासून आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपांपासून. सर्वसाधारण नियम १ तेच सांगतो. चौथ्या चॅप्टरच्या टीप ३ मध्ये (२०२२ च्या आवृत्तीआधी हीच टीप २ होती) बटरची व्याख्या आहे: फक्त दुधापासून मिळवलेलं, मिल्क फॅट वजनाने ८० ते ९५ टक्के, फॅटविरहित दुग्धघन जास्तीत जास्त २ टक्के, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के आणि बाहेरून घातलेला इमल्सिफायर (पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) नाही. ४० टक्क्यांचा माल या व्याख्येच्या आसपासही येत नाही. सप्लायरने हा कोड का लिहिला असेल? बहुतेक वेळा कारण इतकंच असतं की त्याच्या सिस्टीममध्ये सगळा ‘बटर’ विभाग एकाच कोडखाली टाकलेला असतो. निर्यातदाराच्या कोडचे पहिले सहा आकडे तपासायला उपयोगी पडतात, पण ते तुमच्यावर बंधनकारक नसतात आणि चुकले तर जबाबदारी तुमचीच.

त्याच टिपेच्या दुसऱ्या भागात डेअरी स्प्रेड येतो: पसरवता येणारं, पाणी-तेलात प्रकारचं इमल्शन (फॅटमध्ये पाण्याचे थेंब विखुरलेलं मिश्रण), ज्यात मिल्क फॅट हे एकमेव फॅट आहे आणि ते वजनाने ३९ टक्के किंवा जास्त, पण ८० टक्क्यांपेक्षा कमी आहे. लोक या वाक्यातला फक्त आकडा वाचतात. माझ्या मते आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी ‘एकमेव फॅट’ आणि ‘पाणी-तेलात’ हे दोन शब्दप्रयोग बघा, कारण गोंधळ तिथेच होतो.

‘एकमेव फॅट’ म्हणजे घटकांच्या यादीत रेपसीड, पाम, सूर्यफूल, ऑलिव्ह यांपैकी काही दिसलं की ०४०५.२० संपलं, मग डब्याच्या दर्शनी लेबलवर कितीही गायी चरत असोत. इथे एक बारकावा आहे. कमी फॅटच्या स्प्रेडमध्ये फॅटी ॲसिडचे मोनो- आणि डायग्लिसराइड जवळपास नेहमी असतात, आणि ते बऱ्याचदा वनस्पती तेलापासून बनवलेले असतात. त्यामुळे माल बाद होतो का? जागतिक कस्टम्स संघटनेच्या स्पष्टीकरण टिपांमध्ये डेअरी स्प्रेडला चालणाऱ्या जोडघटकांत इमल्सिफायर, जीवनसत्त्वं, मीठ, साखर, जिलेटिन, स्टार्च, रंग, स्वाद, घट्टपणा आणणारे पदार्थ आणि परिरक्षक आहेत. म्हणजे इमल्सिफायर इमल्सिफायरचंच काम करत असेल, तेवढ्याच प्रमाणात असेल, तर अडचण नाही. पण सप्लायरकडून त्याचं नेमकं प्रमाण आणि काम लेखी घ्या. कस्टम्सच्या प्रयोगशाळेने स्टेरॉल (फॅटसोबत येणारे, त्याचा उगम ओळखू देणारे घटक) तपासले आणि वनस्पती स्टेरॉल सापडले, तर पहिला प्रश्न ‘हे तेल कुठून आलं’ हाच येणार. दुधाच्या फॅटमधल्या स्टेरॉलमध्ये मुख्यतः कोलेस्टेरॉल असतं, बीटा-सिटोस्टेरॉल वनस्पती तेलाची खूण मानतात. ट्रायग्लिसराइडचं गॅस क्रोमॅटोग्राफीने विश्लेषण करून मिल्क फॅटची शुद्धता ठरवायची पद्धत आयएसओ १७६७८ मध्ये दिलेली आहे. सप्लायर त्या पद्धतीचा रिपोर्ट देत असेल तर जरूर मागा.

आता ‘पाणी-तेलात’. बटरमध्ये फॅट हा सलग माध्यम असतो आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात अडकलेले असतात. क्रीममध्ये उलटं. फॅट ४० टक्क्यांवर आणलं की उरलेल्यात बहुतेक पाणी असतं, आणि ते एवढं पाणी आत धरून ठेवणं तंत्रज्ञाला अवघड जातं. म्हणून जिलेटिन किंवा स्टार्च घालून पाण्याचा भाग घट्ट करतात. दुधाची प्रथिनं मात्र तेल-पाण्यात प्रकाराला धार्जिणी असतात. ती वाढली की इमल्शन उलटण्याचा धोका असतो. परिणामी दिसायला अगदी सारखे असे दोन ४० टक्क्यांचे स्प्रेड आतून विरुद्ध रचनेचे असू शकतात. तेल-पाण्यात असेल तर ०४०५.२० ची व्याख्या लागू होत नाही.

घरबसल्या अंदाज घ्यायचा असेल तर थंड पाण्यात चिमूटभर स्प्रेड टाकून ढवळा. तेल-पाण्यात प्रकार विरघळल्यासारखा पसरतो आणि पाणी दुधाळ होतं. पाणी-तेलात प्रकाराचा गोळा तसाच तरंगत राहतो. प्रयोगशाळा हेच विद्युतवाहकता मोजून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात विरघळणारा रंग वापरून ठरवते. तुमचा पाण्याचा प्रयोग पुरावा म्हणून चालणार नाही, पण सप्लायरला योग्य प्रश्न विचारण्यापुरता पुरेसा आहे. त्याच्या स्पेसिफिकेशन शीटवर इमल्शनचा प्रकार लिहिलेला नसेल तर लिहून मागा. बहुतेक शीट्सवर नसतोच.

आकड्याकडे येऊ. ३९ हा एकूण वजनावरचा आकडा आहे, कोरड्या घटकांवरचा नव्हे. चीजच्या शीट वाचायची सवय असलेले लोक इथे फसतात. शिवाय ‘४० टक्के फॅट’ हे लेबलवरचं लक्ष्य असतं, बॅच ३८.७ निघाली तर तुमच्या हातात ०४०५.२० नाही. तुम्ही नेमके सीमेवर आहात, म्हणून प्रत्येक बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र ठेवा. नमुना काढताना माल गार ठेवायला सांगा. डबा उन्हात वितळून पाणी वेगळं झालं की वरून घेतलेल्या आणि खालून घेतलेल्या नमुन्याचे आकडे जुळत नाहीत.

२५ टक्केवाल्याचा पेच इथूनच सुरू होतो. खाद्यमानकांच्या दुनियेत तो बिनदिक्कत डेअरी स्प्रेड आहे: कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय खाद्यमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) २००६ च्या मानकात मिल्क फॅटची खालची मर्यादा १० टक्के आहे. सप्लायर त्याच्याच जोरावर बोलत असणार. पण कोडेक्स आणि टॅरिफ यांच्या व्याख्या वेगळ्या कामांसाठी आहेत. ०४०५ ची स्पष्टीकरण टीप सरळ सांगते की ज्यात मिल्क फॅटशिवाय इतर फॅट आहे किंवा मिल्क फॅट ३९ टक्क्यांपेक्षा कमी आहे असे स्प्रेड या हेडिंगमध्ये येत नाहीत. ते साधारणपणे १५१७ किंवा २१०६ मध्ये जातात. आणि १५१७ ज्यात येतं त्या पंधराव्या चॅप्टरची टीप १ ही ०४०५ चा माल १५ टक्क्यांपेक्षा जास्त असलेली खाद्य मिश्रणं बाहेर काढते. तुमचा २५ टक्क्यांचा माल त्या रेषेच्या वर आहे, म्हणून २१०६. फॉरवर्डरचा १५१७ अगदी हवेतला नव्हता, पण तो वनस्पती तेलाच्या स्प्रेडला शोभतो, ज्यात चवीपुरतं थोडं बटर असतं. उलट बटरमध्ये तेल मिसळून फ्रीजमधूनही मऊ निघणारे जे ‘स्प्रेडेबल’ मिळतात, त्यात मिल्क फॅट १५ टक्क्यांच्या वर असलं की तेही २१०६ कडे वळतात.

१९०१ चं काय, असं कोणी सुचवेल. ते हेडिंग ०४०१ ते ०४०४ च्या मालापासून बनवलेल्या खाद्यपदार्थांसाठी आहे. ०४०५ त्या यादीत नाही, आणि हे मुद्दाम तसं आहे.

सहा आकड्यांनंतर प्रत्येक देश स्वतःची विभागणी करतो, त्यामुळे इथून पुढे आपल्या देशाचं टॅरिफ उघडा. युरोपीय संघ ०४०५.२० चे फॅटनुसार तीन तुकडे करतो: ३९ ते ६० पेक्षा कमी, ६० ते ७५, आणि ७५ पेक्षा जास्त पण ८० पेक्षा कमी. अमेरिकेत ४५ टक्क्यांची रेषा महत्त्वाची आहे आणि त्यावर कोटा बसतो. दुग्धजन्य मालात कोडपेक्षा कोटा महाग पडतो. न्यूझीलंडच्या ‘स्प्रेडेबल’ बटरला कोट्यात धरायचं की नाही, यावरून त्यांनी १९९७ मध्ये युरोपीय समुदायाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली होती. कोट्याच्या मजकुरात ‘थेट दूध किंवा क्रीमपासून बनवलेलं’ असे शब्द होते आणि सगळा वाद त्याच शब्दांवर. १९९९ मध्ये तडजोड झाली.

तुमच्या जागी मी असतो तर ४० टक्केवाल्यासाठी पूर्ण घटकसूची टक्क्यांसह, प्रक्रियेचा आराखडा आणि इमल्शनचं लेखी विधान मागवून, पहिलं कंटेनर निघण्याआधी ॲडव्हान्स रूलिंगचा (कस्टम्सकडून आधीच मिळणाऱ्या वर्गीकरणाच्या लेखी निर्णयाचा) अर्ज केला असता. २५ टक्केवाल्यासाठी वेगळा अर्ज. एकाच अर्जात दोन्ही घातले तर प्रश्नावली येते, उत्तर येत नाही. आणि सप्लायरला सांगा की पुढच्या इनव्हॉइसवर दोन्ही माल वेगवेगळ्या ओळींवर, मिल्क फॅटच्या टक्क्यासह लिही. ‘बटर स्प्रेड, असॉर्टेड’ ही एक ओळ असेल तर कंटेनर अडकणारच.